नकाशा सैल, तिजोरी घट्ट: शेजारची तीन संघराज्यं कशी बदलतात

नोव्हेंबर २०२५ मध्ये पाकिस्तानच्या संसदेनं २७वी घटनादुरुस्ती मंजूर केली. आपल्याकडच्या वाहिन्यांवर चर्चा झाली ती लष्करप्रमुखांच्या नव्या पदाची आणि नव्या घटनात्मक न्यायालयाची. साहजिकच आहे. पण सुरुवातीच्या प्रस्तावांत आणखी एक गोष्ट होती, जी शेवटी गळली. प्रांतांना केंद्राकडून मिळणाऱ्या पैशाच्या वाट्याला घटनेनं दिलेलं संरक्षण काढून टाकायचं, असा तो प्रस्ताव होता. सिंधमध्ये सत्तेत असलेल्या आणि केंद्रातल्या सरकारला टेकू देणाऱ्या पाकिस्तान पीपल्स पार्टीनं तिथे पाय रोवले. बाकीचं बघू, याला हात लावायचा नाही. लष्करप्रमुख असलेल्या फील्ड मार्शलला आजन्म खटल्यांपासून संरक्षण मिळालं, पण सिंधचा वाटा जागचा हलला नाही.

त्याच वर्षी मार्चमध्ये लोकसभेच्या जागांची फेरवाटणी लोकसंख्येनुसार होऊ नये म्हणून दक्षिणेतले नेते चेन्नईत जमले होते. सप्टेंबरमध्ये नेपाळात तरुणांच्या उठावानं सरकार पाडलं आणि ‘हे सात प्रांत हवेत कशाला?’ हा आधीपासून कुजबुजला जाणारा प्रश्न मोठ्यानं विचारला जाऊ लागला.

वरवर पाहता तिन्ही बातम्यांचा एकमेकींशी संबंध नाही. पण तिन्हींच्या मुळाशी एकच अडचण आहे. देश बदलतो, लोकसंख्या सरकते, पैसा दुसरीकडे जमा होऊ लागतो, लोकांना नव्या ओळखी हव्याशा वाटतात. केंद्र आणि राज्यं यांच्यातला जुना करार मात्र कागदावर तसाच असतो. तो बदलायचा कसा?

आधी पाया: संघराज्य म्हणजे काय

एकाच देशात सरकारच्या दोन किंवा अधिक पातळ्या असतात आणि कुणी काय करायचं हे घटनेनंच वाटून दिलेलं असतं, त्या व्यवस्थेला संघराज्य म्हणतात. केंद्र मनात आलं म्हणून राज्याचे अधिकार काढून घेऊ शकत नाही, निदान तत्त्वतः तरी.

सहकारी गृहनिर्माण सोसायटीचं उदाहरण घेऊ. गच्ची, जिना, पाण्याची टाकी सोसायटीची; फ्लॅटच्या आत काय करायचं ते सभासदाचं. आता समजा दोन फ्लॅटमधली भिंत सरकवायची आहे. भारत नावाच्या सोसायटीत सर्वसाधारण सभा साध्या बहुमतानं भिंत सरकवू शकते. ज्याचा फ्लॅट लहान होणार त्याचं मत विचारायचं, पण ते ऐकायलाच हवं असं नाही. पाकिस्तानच्या सोसायटीत त्या फ्लॅटमधल्या दोन तृतीयांश माणसांनी हो म्हटल्याशिवाय विटेलाही हात लावता येत नाही. शिवाय मेंटेनन्समधून फ्लॅटला परत मिळणारा हिस्सा कधीच कमी होणार नाही, असं नियमावलीतच छापलंय. नेपाळची सोसायटी अगदी नवी. फ्लॅट दिले, दारावर पाट्या लावल्या, पण बऱ्याच किल्ल्या अजून बिल्डरच्या खिशात आहेत.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे, की कुठलं संघराज्य ‘लवचिक’ आणि कुठलं ‘ताठर’ हा प्रश्नच फारसा कामाचा नाही. प्रत्येकानं एखादी बाजू सैल ठेवली आहे आणि एखादी आवळून बांधली आहे. बदल सैल बाजूनं येतो. जी बाजू घट्ट आहे तिथे तो एकतर अडतो, नाहीतर रस्त्यावरून किंवा बाहेरच्या दबावातून येतो.

भारत: नकाशा बदलणं सर्वात सोपं

घटनेचं तिसरं कलम संसदेला नवं राज्य करण्याचा, जुन्याचे तुकडे करण्याचा, सीमा आणि नाव बदलण्याचा अधिकार देतं, आणि तोही साध्या बहुमतानं. विधेयक राष्ट्रपती संबंधित विधिमंडळाकडे मतासाठी पाठवतात. ते मत बंधनकारक नसतं. जानेवारी २०१४ मध्ये आंध्र प्रदेशच्या विधानसभेनं तेलंगणाचं विधेयक फेटाळलं. २ जून २०१४ ला तेलंगणा अस्तित्वात आलं.

हे कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर फाळणी होती आणि पाचशेहून अधिक संस्थानांचं विलीनीकरण होतं. राज्यांच्या तेव्हाच्या सीमा कायमच्या धरणं त्यांना परवडणारं नव्हतं. दिल्लीला सगळी सूत्रं देणारी ही तरतूद, पण तिचा सर्वाधिक फायदा झाला तो प्रादेशिक चळवळींना. पोट्टी श्रीरामुलूंच्या उपोषणातल्या मृत्यूनंतर १९५३ मध्ये आंध्र झालं, १९५६ मध्ये भाषावार राज्यरचना झाली, १०६ हुतात्म्यांनंतर १ मे १९६० ला महाराष्ट्र. दिल्लीनं यातलं काहीही राजीखुशीनं दिलं नाही, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. पण नेहरूंचं सरकार शेवटी नमलं, तेव्हा त्याला फक्त संसदेत एक साधा कायदा करायचा होता. मुंबई राज्याची रचना बदलायला दोन तृतीयांश बहुमत आणि दोन्हीकडच्या आमदारांची लेखी संमती लागली असती तर संयुक्त महाराष्ट्राचं काय झालं असतं, याचा विचार करून बघा.

याची दुसरी बाजू ऑगस्ट २०१९ मध्ये दिसली. जम्मू-काश्मीर राज्याचे दोन केंद्रशासित प्रदेश झाले. तिथली विधानसभा तेव्हा बरखास्त होती, त्यामुळे तिचं मत संसदेनंच दिलं. जे कलम तेलंगणाच्या कामी आलं, तेच एका राज्याचा दर्जा उतरवायलाही पुरलं.

पाकिस्तान: नकाशा गोठलेला, पैसा बांधलेला

पाकिस्ताननं उलट दिशेनं धडा घेतला. १९५५ मध्ये पश्चिमेकडचे सगळे प्रांत एकत्र करून ‘वन युनिट’ नावाचा एकच प्रांत केला गेला. हेतू उघड होता: लोकसंख्येनं मोठ्या पूर्व पाकिस्तानसमोर पश्चिमेला बरोबरीत उभं करायचं. बंगाली, सिंधी, पश्तून, बलुच सगळेच दुखावले. १९७० मध्ये वन युनिट मोडलं, १९७१ मध्ये देश मोडला. त्यामुळे १९७३ च्या घटनेनं प्रांतांच्या सीमांना कुलूप घातलं. सीमा बदलायची तर संसदेच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं हवीत आणि शिवाय त्या प्रांताच्या विधानसभेतही दोन तृतीयांश.

परिणाम काय? दक्षिण पंजाबात सराइकी भाषकांची वेगळ्या प्रांताची मागणी जुनी आहे. जवळपास प्रत्येक पक्षानं कधी ना कधी तिला आश्वासन दिलंय. प्रांत काही होत नाही, कारण त्यासाठी पंजाबच्या विधानसभेनं पंजाबचे तुकडे करायला दोन तृतीयांशानं हो म्हणायला हवं. २०१० मध्ये वायव्य सरहद्द प्रांताचं नाव ‘खैबर पख्तुनख्वा’ झालं, तेव्हा तिथल्या हिंदको बोलणाऱ्या हजारा भागात भडका उडाला. ॲबटाबादला पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली. हजारा प्रांत अजूनही मागणीच आहे. हे कुलूप २०१८ मध्ये एकदाच उघडलं. अफगाण सीमेवरचा आदिवासी पट्टा खैबर पख्तुनख्वामध्ये विलीन झाला, आणि त्यात प्रांताचा आकार वाढत होता. वाढणाऱ्या फ्लॅटला कोण नाही म्हणेल?

नकाशा हलत नाही म्हणून दबाव पैशाच्या आणि अधिकारांच्या बाजूला गेला. २०१० ची १८वी घटनादुरुस्ती हा तिथला खरा भूकंप. तिनं समवर्ती सूची, म्हणजे केंद्र आणि प्रांत दोघांनाही कायदे करता येतील अशा विषयांची यादी, सरळ रद्द केली. शिक्षण, आरोग्य, कामगार यांसारखे विषय मुख्यतः प्रांतांकडे गेले. त्याच सुमारास सातवा वित्त निवाडा, म्हणजे केंद्राच्या करांतला प्रांतांचा वाटा ठरवणारा करार, झाला. वाटपायोग्य करांपैकी प्रांतांचा हिस्सा आधी ५६ आणि मग ५७.५ टक्के ठरला. त्याआधी प्रांतांनी आपापसात पैसे वाटायचे ते फक्त डोकी मोजून, म्हणजे पंजाबच्या सोयीनं. आता लोकसंख्येला ८२ टक्के वजन, उरलेलं मागासलेपण, महसूल आणि विरळ वस्ती यांना. बलुचिस्तानसाठी हे मोठं पाऊल होतं.

आणि मग १८व्या दुरुस्तीनं घटनेच्या १६०व्या कलमात एक ओळ घातली: पुढच्या कुठल्याही निवाड्यात प्रांतांचा हिस्सा मागच्यापेक्षा कमी असणार नाही. २७व्या दुरुस्तीच्या वेळी मोडायला काढली ती हीच ओळ. कर्जाचे हप्ते आणि संरक्षणाचा खर्च केंद्राच्या डोक्यावर, आणि अर्ध्याहून जास्त कर हातातून जातो, अशी इस्लामाबादची तक्रार आहे. ती खोटी नाही. पण प्रांत म्हणतात, तुमची उधळपट्टी आमच्या शाळांनी का भरायची? नवा निवाडा सर्वसंमतीनं व्हावा लागतो, संमती होत नाही, म्हणून पाच वर्षांसाठी केलेला सातवा निवाडाच वर्षानुवर्षं पुढे चालू ठेवला गेला. विलीन झालेल्या आदिवासी पट्ट्याची माणसं खैबर पख्तुनख्वात आली, त्यांच्या वाट्याचे पैसे त्या सूत्रात आलेच नाहीत.

तुलनेसाठी भारत बघा. इथे दर पाच वर्षांनी वित्त आयोग बसतो आणि हिस्सा नव्यानं ठरतो. तेराव्या आयोगानं राज्यांना ३२ टक्के दिले, चौदाव्यानं एकदम ४२, पंधराव्यानं ४१. किमान वाट्याची हमी कुठेच नाही. वर उपकर आणि अधिभार हे वाटपाच्या बाहेर राहतात, त्यामुळे कागदावरचे ४१ टक्के प्रत्यक्षात एकूण करांच्या तितके नसतात. राज्यांची ही तक्रार रास्त आहे. पण गाडी अडून बसत नाही, हेही तितकंच खरं.

एकच कर, दोन वाटा

फरक जवळून पाहायचा तर विक्रीकर बघावा. भारतात १ जुलै २०१७ पर्यंत केंद्राचं उत्पादन शुल्क आणि सेवाकर, राज्यांचा व्हॅट, मुंबईत महापालिकेची जकात आणि जकात नाक्यावर ट्रकच्या रांगा, असा पसारा होता. जीएसटी आला, तेव्हा केंद्र आणि राज्यं दोघांनीही आपापला कर लावण्याचा हक्क एका सामाईक परिषदेत नेऊन ठेवला. या परिषदेचं मतदान फार हुशारीनं बेतलेलं आहे. केंद्राच्या मताला एक तृतीयांश वजन, सगळ्या राज्यांना मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला लागतात तीन चतुर्थांश. गणित मांडा. केंद्र नको म्हणालं तर सगळी राज्यं एकत्र येऊनही ६७ टक्क्यांच्या पुढे जात नाहीत. केंद्राला काही करून घ्यायचं असेल, तर राज्यांचे (विधानसभा असलेले तीन केंद्रशासित प्रदेश धरून) सगळे ३१ सदस्य हजर असताना त्यांतल्या किमान २० जणांना सोबत आणावं लागतं. केंद्राला नकाराधिकार आहे, पण एकट्याच्या बळावर काही करता येत नाही.

प्रत्यक्षात मतदान क्वचितच होतं. पहिलं झालं ते डिसेंबर २०१९ मध्ये, लॉटरीवरच्या करावरून. एरवी चर्चेनं, रेट्यानं, देवाणघेवाणीनं निर्णय होतात. सुरुवातीला राज्यं तयार झाली तीसुद्धा पाच वर्षं १४ टक्के वाढीची भरपाई देण्याच्या बोलीवर. सप्टेंबर २०२५ मध्ये टप्पे कमी करून मुख्यतः ५ आणि १८ टक्के हे दरच ठेवले गेले, तेही याच परिषदेतून.

पाकिस्तानात नेमकं उलटं झालं. वस्तूंवरचा विक्रीकर केंद्राचा, सेवांवरचा प्रांतांचा. १८व्या दुरुस्तीच्या काळापासून सिंधनं, मग पंजाबनं, मग उरलेल्या दोघांनी सेवाकराची आपापली खाती उभारली. देशभर ग्राहक असलेल्या कंपनीला केंद्राशी वेगळा आणि प्रत्येक प्रांताशी वेगळा हिशेब ठेवण्याची वेळ आली. मग वाद सुरू झाले: बांधकाम ही वस्तू की सेवा? वाहतूक? हॉटेलातलं जेवण? प्रांतांची वसुली वाढली, व्यापाऱ्याचा ताप वाढला. स्वायत्तता ही अशीच येते, कटकटीसकट.

शेतीवरचा आयकर हेही तसंच प्रकरण. दोन्ही देशांत तो राज्यांच्या वा प्रांतांच्या अखत्यारीत, आणि दोन्हीकडे बड्या जमीनदारांना दुखवायला कुणी तयार नसतं. पाकिस्तानच्या चारही प्रांतांनी २०२५ च्या सुरुवातीपर्यंत तो वाढवणारे कायदे केले, कारण सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या सात अब्ज डॉलरच्या कर्जासोबत आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची ती अट होती. घरातल्यांना जे दशकानुदशकं जमलं नाही ते सावकारानं करून घेतलं.

नेपाळ: कागदावर सर्वात धाडसी

नेपाळ शतकानुशतकं काठमांडूतून चालला. भारताच्या सीमेलगतच्या तराईत झालेल्या २००७ च्या मधेस आंदोलनानं संघराज्याचा शब्द अंतरिम घटनेत घालून घेतला, आणि २० सप्टेंबर २०१५ च्या घटनेनं सात प्रांत आणि त्यांच्याखाली स्थानिक सरकारं उभी केली. आज ती ७५३ आहेत. या घटनेत नगरपालिका आणि गाउँपालिका ही ‘सरकारं’ आहेत, खालची खाती नव्हेत. माध्यमिक शाळेपर्यंतचं शिक्षण थेट त्यांच्या यादीत आहे. २०१७ च्या कायद्यानुसार व्हॅट आणि अंतःशुल्क (देशांतर्गत उत्पादन शुल्क) यांतून १५ टक्के प्रांतांना, १५ टक्के स्थानिक सरकारांना, ७० टक्के केंद्राला. आपल्या ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला असा हक्काचा वाटा कुठे आहे?

पण घटनेनं दिलेलं प्रत्यक्ष उतरायला केंद्राचे कायदे लागतात, आणि तिथे गाडी रुतली. शाळा स्थानिक सरकारकडे गेल्या, तरी शिक्षण कायदा १९७१ चाच, वेळोवेळी ठिगळं लावलेला. नवा कायदा येऊ घातला की शिक्षक काठमांडूत उतरतात. एप्रिल २०२५ मध्ये आपल्या मागण्यांसह नवा कायदा करा म्हणून जवळपास महिनाभर आंदोलन झालं. त्यांना पालिकेच्या अध्यक्षाच्या हाताखाली जायचं नाही. प्रांतांना स्वतःचं पोलीस दल देण्याची घटनेत तरतूद आहे. दल मात्र अजून नेपाळ पोलीसच. जिल्ह्यातला प्रमुख जिल्हा अधिकारी अजूनही केंद्रच नेमतं. प्रांताच्या मुख्यमंत्र्याला गाडी आहे, बंगला आहे, आणि आदेश द्यायला माणसं कमी आहेत. लोकांना प्रांत हा फुकटचा खर्च वाटतो तो यामुळे.

नावांचंच घ्या. घटना आली तेव्हा प्रांतांना नुसते क्रमांक होते. पूर्वेकडच्या एक नंबरच्या प्रांताला ‘कोशी’ हे नाव मिळायला मार्च २०२३ उजाडलं, आणि लगेच लिंबू-किरात समाज विरोधात उतरला. नदीचं नाव देऊन आमची ओळख पुसली, असं त्यांचं म्हणणं. आंदोलनात एकाचा जीवही गेला. सीमांचा प्रश्न याहून अवघड. प्रांतांच्या सीमांशी संबंधित घटनादुरुस्ती ऑगस्ट २०१७ मध्ये मतदानाला आली आणि दोन तृतीयांश मतांअभावी पडली. मजा अशी, की जून २०२० मध्ये लिम्पियाधुरा-कालापानीसह देशाचा नवा नकाशा राजचिन्हात घालणारी दुरुस्ती पुढच्या संसदेत आली, तेव्हा विरोधात एकही मत पडलं नाही. भारताशी भांडताना दोन तृतीयांश बहुमत सहज जमतं, तराईतल्या माणसाला सीमा बदलून देताना जमत नाही.

‘लष्कर चालवतं त्या देशाचं कसलं संघराज्य?’

हा आक्षेप येणारच. पाकिस्तानात अंतिम शब्द रावळपिंडीतल्या लष्करी मुख्यालयाचा असतो हे खरंच. तरी २०२५ चं कालव्यांचं प्रकरण बघण्यासारखं आहे. पंजाबातल्या चोलिस्तान वाळवंटात पाणी न्यायला नवे कालवे काढायचे ठरले. लष्कराचा आशीर्वाद होता. सिंधमध्ये वकिलांनी महामार्ग अडवला, मालाचे ट्रक दिवसेंदिवस अडकले. शेवटी २८ एप्रिलला केंद्र आणि प्रांतांच्या सामाईक हितसंबंध परिषदेत हा प्रकल्प बाजूला ठेवला गेला. या परिषदेची बैठक दर ९० दिवसांनी व्हावी असं घटना सांगते. ते पाळलं जात नाही, पण वेळ आली तेव्हा बसायला जागा होती. आपल्याकडची आंतरराज्य परिषद जुलै २०१६ च्या बैठकीनंतर वर्षानुवर्षं भरलीच नाही.

‘मग भारताला संघराज्य तरी का म्हणायचं?’

राज्याचा नकाशा संसद एकतर्फी बदलू शकते, राज्यपाल केंद्र नेमतं, पैशाची हमी नाही. मग उरलं काय? उरलं ते न्यायालय आणि राजकारण. कलम ३५६, म्हणजे राष्ट्रपती राजवट, लावून विरोधी पक्षांची सरकारं पाडणं एकेकाळी नित्याचं होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या बोम्मई निकालानं ते न्यायालयीन तपासणीखाली आणलं, बहुमत राजभवनात नव्हे तर सभागृहात मोजायचं असं ठरवलं. त्यानंतर हे प्रकार झपाट्यानं कमी झाले. घटनेतलं एक अक्षर बदललं नाही, तरी संघराज्य बदललं. आघाडी सरकारांच्या काळाचा यात निकालाइतकाच वाटा आहे, असं मला वाटतं.

लोकसभेच्या जागा: भारताची घट्ट बाजू

पाकिस्तानात आणि नेपाळमध्ये वरच्या सभागृहात प्रत्येक प्रांताला समान जागा आहेत: सिनेटमध्ये प्रत्येकी २३, नेपाळच्या राष्ट्रिय सभेत प्रत्येकी ८. पाकिस्तानच्या नॅशनल असेंब्लीतल्या २६६ थेट निवडून येणाऱ्या जागांपैकी पंजाबकडे १४१ आहेत, बलुचिस्तानकडे १६. हा असमतोल सिनेटमध्ये थोडा तरी सावरतो. त्यामुळे तिथे जनगणनेनंतर जागा बदलल्या तरी देश हादरत नाही. भारतात तो टेकू नाही. राज्यसभेतही उत्तर प्रदेशच्या ३१ जागा, महाराष्ट्राच्या १९, आणि ईशान्येतल्या बहुतेक राज्यांना प्रत्येकी एकच.

म्हणून भारतानं हा प्रश्न सोडवण्याऐवजी गोठवला. १९७६ च्या ४२व्या दुरुस्तीनं राज्यांच्या जागा १९७१ च्या जनगणनेवर थांबवल्या, आणि ८४व्या दुरुस्तीनं ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे येईपर्यंत वाढवली. केरळ आणि तमिळनाडूनं जन्मदर लवकर खाली आणला. त्यांची भीती अशी, की शिक्षा त्याचीच मिळणार.

दोन्ही दुरुस्त्यांच्या रचनेतला बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. गोठवणं मुदतीचं आहे, ते आपोआप संपतं. जागा पुन्हा लोकसंख्येनुसार वाटायच्या तर मूळ नियम घटनेत आधीच लिहिलेला आहे, त्यासाठी नवी दुरुस्ती लागत नाही. आहे ते तसंच ठेवायचं, किंवा राज्यसभेत समान जागांसारखा नवा तोल आणायचा, तर मात्र संसदेत दोन तृतीयांश मतं लागतात आणि संसदेतल्या राज्यांच्या प्रतिनिधित्वाला हात घालणाऱ्या दुरुस्तीला निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मंजुरीही. चेन्नईत जमलेल्या नेत्यांना ही जुळवाजुळव करावी लागेल, आणि त्यांच्या विरोधकांना नुसतं वाट बघत बसलं तरी चालेल.